वारज्याहून निघालेलं, धायरीला न पोचलेलं

माझ्या साहेबांनी मला फसवलं. त्यांच्या जागी आलेल्या दुसऱ्या साहेबांनी त्या फसवणुकीवर शांतपणे बैठक मारली. हे आधीच सांगून टाकतो, कारण आपल्याकडे माणूस आठवणी लिहायला बसला की पहिली चाळीस पानं बालपणावर घालवतो आणि तोवर फसवणारा निवृत्त होऊन टेकडीवर फिरायला लागलेला असतो.

बालपण थोडक्यात उरकतो. आई मंडईच्या बाहेर लिंबं, मिरच्या आणि कोथिंबीर घेऊन बसायची. मी तिच्याशेजारी बसून भाव करायला शिकलो. तिचा एकच नियम होता. भाव सांगितला की गप्प बसायचं. गिऱ्हाईक गप्प, आपणही गप्प. जो आधी तोंड उघडेल त्याचं नुकसान. पुढे संध्याकाळच्या वर्गाला जाऊन मी इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केला. दोन विषय दुसऱ्या खेपेला सुटले, हेही सांगतो, नाहीतर कोणीतरी शोधून काढायचा.

तोवर शहरात आयटी आलं होतं. त्यातून प्रत्येकाला काही ना काही मिळालं. कुणाला अमेरिका मिळाली, कुणाला हिंजवडीची बस मिळाली. मला लोकांच्या गच्च्या मिळाल्या.

म्हणजे असं. एका मोबाइल कंपनीसाठी मी कंत्राटावर काम करायचो. टॉवरसाठी इमारती हेरायच्या, सोसायटीच्या चेअरमनला गाठायचं आणि गच्चीवर अँटेना उभी करायला त्याची सही मिळवायची. पुण्यातल्या सोसायटीचा चेअरमन हा काय प्राणी असतो ते ज्याने भोगलंय त्यालाच कळेल. नोकरीत असताना ज्याला कुणी पंखा लावायलाही विचारलं नाही, तो निवृत्तीनंतर गच्चीच्या किल्लीचा सरदार होतो. एकाने मला तीन रविवार फक्त एवढंच विचारलं की अँटेनाचं तोंड कोणत्या दिशेला असेल. का, तर त्यांच्या दिवाणखान्याकडे कुणाचं तोंड असलेलं त्यांना आवडत नव्हतं. मी तोंड वळवून दिलं. सही घेतली, शिक्का घेतला, दोन साक्षीदार घेतले. तोंडी कशावरही विश्वास ठेवायचा नाही, हे मी या लोकांकडूनच शिकलो.

मला हवं काय होतं, तेही सांगतो. कार्यालयाच्या तिसऱ्या मजल्यावर काचेचं दार होतं आणि त्याच्या आत तांत्रिक विभाग. कुठला टॉवर कोणाशी बोलणार, कुठून किती पाठवणार, हे तिथे ठरायचं. ते दार माझ्या कार्डाने उघडायचं नाही. गच्च्या मी मिळवायच्या आणि त्या गच्च्यांवर काय चालतं ते मला सांगायला कुणाला वेळ नसायचा. मला त्या दाराच्या आत एक कायमची खुर्ची हवी होती. डिप्लोमा होता, अनुभव होता, टॉवरचे पत्ते मला पाठ होते. साहेब म्हणायचे, आपण बघू की, तुमच्यासारखी माणसं हवीतच. साहेब मूळचे पेठेतले, बोलायला मृदू. पहिल्या भेटीत त्यांनी माझं आडनाव विचारलं, दुसऱ्या भेटीत मूळ गाव, आणि तिसऱ्या भेटीत काही विचारायची गरज उरली नव्हती.

आता मुद्द्याकडे.

धायरीत आमचा एक टॉवर होता. ज्या सोसायटीच्या गच्चीवर तो होता, तिचं शेजारच्या सोसायटीशी पार्किंगवरून कोर्टात भांडण चालू होतं. एके दिवशी चेअरमननी मला बोलावून घेतलं आणि टॉवर काढायला सांगितला. मी कारण विचारलं.

"अहो, टॉवर आमच्या डोक्यावर आणि रेंज त्या समोरच्या नालायकांना? त्यांच्या जिन्यातसुद्धा पिक्चर चालतात. आमच्या बेडरूममध्ये फोन लावला तर स्वतःचाच आवाज येतो."

दिव्याखाली अंधार असतो तसं टॉवरखाली असतं, अँटेना लांबवर फेकायला लावलेली असते, हे मी त्यांना समजावलं. ते म्हणाले, मग लांबच न्या. करार संपतच आला होता. मी सहा इमारती सोडून एका जुन्या धायरीकराचं तीन मजली घर गाठलं. हे गृहस्थ पूर्वी ऊस लावायचे, आता भाडेकरू लावतात. त्यांनी गच्चीवर नेऊन मला चारी दिशा दाखवल्या आणि म्हणाले, "जागा लई हाय. पण माझ्या अटी हायेत." त्यांच्या अटी दोन पानं भरतील एवढ्या होत्या. दोन महिने घासाघीस करून मी त्या अर्ध्या पानावर आणल्या. टॉवर तिकडे गेला. नवी यंत्रं बसली आणि त्यांना जाळ्यातला नवा पत्ता मिळाला. आपण घर बदललं की पिनकोड बदलतो, तसाच. तो फॉर्म मीच भरला होता, म्हणून मला माहीत.

पुढच्या आठवड्यात मी वारज्याहून गाडीत बसून धायरीला निघालो होतो. टॉवरभोवती जाळीचं कुंपण घालायचं होतं आणि त्याला घरमालकांची परवानगी हवी होती. मी इंटरनेटवरून त्यांना फोन लावला. ते म्हणाले की कुंपण घाला, माझी ना नाही, फक्त एवढं करा की... आणि आवाज गेला. कॉल तुटला नाही. फक्त दोन सेकंदांचं बोलणं कुठेतरी गडप झालं. मग त्यांचा आवाज आला, "काय, जमंल ना?" आणि मी, ज्याने आयुष्यात न ऐकलेल्या अटीला कधी होकार दिला नाही, तो घाईत होतो म्हणून म्हणालो, जमेल.

गडप झालेल्या दोन सेकंदांत हजार लिटरची पाण्याची टाकी होती. ती आमच्या माणसांनी जिन्यावरून तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवर चढवून द्यायची होती. जिना अरुंद. टाकी जिन्यात अडकली तेव्हा घरमालक खाली खुर्ची टाकून बसले होते आणि मला म्हणत होते, "शब्द दिलाय तुम्ही, पाव्हणं." टाकी शेवटी दोर लावून बाहेरून ओढली. माझे तळहात सोलले, तेव्हा मी ठरवलं की ही दोन सेकंदं कुणी खाल्ली ते शोधल्याशिवाय राहायचं नाही.

त्यानंतर पंधरा दिवस मी त्याच रस्त्यावर येरझाऱ्या घातल्या. मांडीवर लॅपटॉप, समोर दोन फोन, एकावर सतत काहीतरी डाउनलोड चालू. आमच्यात याला ड्राइव्ह टेस्ट म्हणतात. त्यासाठी वेगळी माणसं होती, पण ती ठरलेल्या वेळी ठरलेल्या रस्त्याने जायची आणि ठरलेला अहवाल द्यायची. वारज्याहून धायरीकडे जाताना महामार्गालगतच्या एका प्लायवूडच्या दुकानासमोर लॅपटॉपवरचा वेगाचा आलेख तळाला जायचा, दोन सेकंदांनी वर यायचा. धायरीहून वारज्याकडे येताना त्याच दुकानासमोर काहीच व्हायचं नाही. सिग्नल दोन्ही वेळा भरपूर. दुकानदार शेवटी शेवटी मला चहा विचारायला लागला, त्याला वाटलं मी दुकान विकत घ्यायला हेरतोय.

हे समजायला एवढंच माहीत असावं लागतं. तुम्ही गाडीत असता, फोन एका टॉवरच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जातो. पण तुमच्यासाठी येणारी माहिती त्या क्षणीही जुन्याच टॉवरकडे येत असते, कारण वरच्या मुख्य यंत्रणेला तुम्ही हललात हे अजून कळलेलं नसतं. अशा वेळी जुना टॉवर काय करतो? 'ते गेले, आता माझा संबंध नाही' असं म्हणत नाही. आलेलं सगळं नव्या टॉवरकडे पुढे पाठवतो, क्रम न बदलता. आणि वरून येणारं नव्याकडे वळलं की शेवटी एक खूण पाठवतो, की माझ्याकडून इतकंच, आता माझ्याकडे तुमचं काही उरलेलं नाही. मग नवा टॉवर पुढचं देऊ लागतो. हे सगळं डोळ्याची पापणी लवायच्या आत. लोखंडाच्या खांबावरची पेटी ही, तिला ना पगारवाढ, ना दिवाळीची मिठाई.

आता वारज्याचा टॉवर हे करत होताच. पण पाठवत कुठे होता? ते मला साहेबांच्या केबिनमध्ये कळलं. मी काहीतरी सहीसाठी उभा होतो, साहेब फोनवर होते आणि त्यांच्या पडद्यावर वारज्याच्या टॉवरची शेजाऱ्यांची यादी, म्हणजे आजूबाजूच्या टॉवरचे पत्ते, उघडी होती. धायरीपुढे जुना पत्ता. म्हणजे वारज्याचा टॉवर इमानेइतबारे लोकांची बोलणी त्या पार्किंगवाल्या सोसायटीच्या गच्चीकडे पाठवत होता, जिथे आता फक्त चार बोल्ट आणि चेअरमन होते. उलट्या दिशेने त्रास नव्हता, कारण धायरीची यादी नव्याने केलेली, तिच्यात वारज्याचा पत्ता बरोबर होता. फॉर्म मी भरला होता, त्यात नवा पत्ता लिहिला होता. काचेच्या आतल्या कुणी तरी तो फॉर्म धायरीच्या फायलीत लावला आणि वारज्याच्या यादीत बदल करायचं विसरला. एका ओळीचं काम.

मी काही बोललो नाही. सही घेतली आणि बाहेर आलो.

दरम्यान तक्रारी वाढल्या होत्या. त्या रस्त्याने रोज जाणाऱ्या आयटीवाल्यांच्या मीटिंगा दोन दोन सेकंद गायब होत होत्या, आणि त्या दोन सेकंदांत नेमकं काहीतरी महत्त्वाचं बोललं गेलं असं प्रत्येकाचं म्हणणं होतं. तांत्रिक विभागाने बैठक घेतली आणि निदान केलं की मध्ये सिग्नलला भोक आहे, तिथे नवा टॉवर हवा. साहेबांनी मला बोलावून महिनाभरात गच्ची शोधायला सांगितलं.

मी म्हणालो, गच्ची नको, कारण मला माहीत आहे.

साहेबांनी चष्मा काढला. "सांगा ना मग."

मंडईत कलिंगड विकणारा भाव ठरल्याशिवाय फळ कापत नाही. मी म्हणालो, "साहेब, आधी खुर्चीचं बोला."

मग आम्ही दोघंही गप्प बसलो. बराच वेळ. एसीचा आवाज येत होता. साहेब पेठेतले असले तरी मंडईत बसलेले नव्हते. आधी तेच बोलले. तांत्रिक विभागात जागा निघते आहे, तुमचं नाव मीच घालतो, कायमच्या यादीवर. मी म्हणालो, लिहून द्याल? तेव्हा ते हसले. अगदी घरच्यासारखं हसले.

"अहो, आपल्या दोघांत कागद कशाला? मी काय सोसायटीचा चेअरमन आहे?"

आणि इथे मी चुकलो. शंभर चेअरमनांकडून शिक्के आणि साक्षीदार घेतलेला मी, त्या एका वाक्याला भुललो. 'आपल्या दोघांत' म्हणाले ना. इतक्या वर्षांत त्या इमारतीत मला कुणी 'आपल्या'त धरलं नव्हतं. मी कलिंगड कापलं. यादीतली ओळ दाखवली, फॉर्मची प्रत दाखवली, प्लायवूडच्या दुकानासमोरचे सगळे आलेख दिले. साहेबांनी दहा मिनिटांत पत्ता बदलून घेतला. मी लगेच वारज्याहून धायरीला गेलो. एक अक्षरही गळलं नाही.

महिन्याभराने कंपनीचा कार्यक्रम झाला. साहेबांनी पडद्यावर माझे आलेख दाखवले, खाली स्वतःचं नाव घालून. एक आलेख मी लॅपटॉपचा फोटो काढून दिला होता, त्याच्या कोपऱ्यात माझ्या सोललेल्या हाताचा अंगठा आला होता, तेवढा त्यांच्याकडून कापायचा राहिला होता. नवा टॉवर न उभारता प्रश्न सोडवला म्हणून त्यांना काचेचा एक त्रिकोण मिळाला आणि पाठोपाठ दिल्लीला बढती. मी टाळ्या वाजवल्या. मला वाटलं, घेऊ दे त्रिकोण, मला खुर्ची हवी आहे.

जायच्या आधी मी त्यांना गाठलं. ते म्हणाले, काळजी करू नका, येणाऱ्या साहेबांसाठी मी हँडओव्हरची नोट लिहिली आहे, तुमचा विषय त्यात घातलाय. पाठीवर हातही ठेवला.

नवे साहेब दुसऱ्या कंपनीतून आले होते. तरुण, नीटनेटके, मराठीत सुरुवात करून इंग्रजीत वाक्य संपवणारे. मी आठवडाभर थांबून भेटायला गेलो आणि विषय काढला. त्यांनी आपल्याला कल्पना नसल्याचं सांगितलं. मी नोटेचा उल्लेख केला. सभ्य माणूस, त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. चौदा कलमं होती. सगळी वाचली. कॉफीच्या यंत्राची तक्रार होती. एसीवाल्याचा नंबर होता. बारावं कलम केबिनमधल्या मनीप्लँटबद्दल होतं, की त्याला सोमवारी आणि गुरुवारी अर्धा ग्लास पाणी घालावं, जास्त नको. माझ्याबद्दल एकही ओळ नव्हती.

"बघा," नवे साहेब म्हणाले, "माझ्याकडे जे आलेलं नाही, त्याचं मी काय करू? माझ्या दृष्टीने तो विषयच नाही."

मी तिथूनच दिल्लीला फोन लावला. जुन्या साहेबांनी चार रिंगनंतर उचलला.

"मी केलंय की फॉरवर्ड."

"कुणाला, साहेब?"

"तिकडेच. तुमच्याकडे."

"नोट माझ्यासमोर आहे. मनीप्लँट आहे, मी नाही."

"मग वेगळ्या मेलमध्ये असेल. त्यांना बघायला सांगा."

मी नव्या साहेबांना बघायला सांगितलं. त्यांनी दोनदा शोधलं आणि मान हलवली. मी म्हणालो की फोनवर दोघं बोलून घ्या. नवे साहेब म्हणाले, आत्ता मीटिंग आहे. जुने साहेब म्हणाले, आवाज तुटतोय. आवाज तुटत नव्हता. कुठे तुटतो आणि कुठे नाही, हे त्या इमारतीत माझ्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं.

माझं डोकं फिरलं. मी टेबलावरची पाण्याची बाटली उघडली आणि मनीप्लँटमध्ये रिकामी केली. सगळी. पाणी कुंडीतून बशीत, बशीतून टेबलावर आणि टेबलावरून नव्या साहेबांच्या स्वच्छ फायलींवर गेलं. मी म्हणालो, "बारावं कलम पूर्ण. उरलेली तेरा तुम्ही बघा." सुरक्षारक्षकाने मला खालीपर्यंत पोचवलं. मनीप्लँटला पाणी घालायचं काम त्याच्याकडेच होतं, तो बिचारा जिन्यात म्हणाला, साहेब, गुरुवार नव्हता आज. मला हसू आलं, याचा अजून राग येतो.

कंत्राट पुढे वाढवलं गेलं नाही. मी स्वतःचा धंदा काढला. आज माझ्या दोन गाड्या ड्राइव्ह टेस्टला फिरतात, आणि तिसऱ्या मजल्यावरचे लोक कुठे बोलणं गळतं ते विचारायला माझ्याकडे येतात. तेव्हा लोक मला म्हणतात, झालं ते बरंच झालं, त्या खुर्चीत बसून कंटाळला असता. हे लोक कधी गच्चीवर टाकी चढवायला नव्हते. बरं झालं की वाईट हे मी ठरवेन. खुर्ची माझी होती, तिची किंमत मी आधी चुकवली होती, आणि माल घेऊन झाल्यावर दुकान बंद झालं.

सगळ्यात जास्त खुपतं ते वेगळंच. मला कुणी 'नाही' म्हणालं नाही. जुन्या साहेबांनी फोनवर 'जमणार नाही, माझा शब्द मी मोडला' एवढं म्हटलं असतं, तर मी भांडलो असतो, शिव्या दिल्या असत्या आणि घरी जाऊन जेवलो असतो. त्या पेटीलाही कळतं की शेवटी सांगायचं असतं, माझ्याकडे आता तुमचं काही नाही. माझ्या साहेबांनी सांगितलं की मी पाठवलंय. दुसऱ्यांनी सांगितलं की मला मिळालं नाही. मध्ये कुठेतरी माझं आयुष्य पडून आहे आणि दोन्हीकडे सिग्नल भरपूर आहे.

मागच्या महिन्यात जुने साहेब पुण्यात एका लग्नात भेटले. केस पांढरे, आवाज तसाच मृदू. माझ्या गाड्यांबद्दल ऐकून त्यांना आनंद झाला म्हणाले. आणि पुढे म्हणाले, "शेवटी मी तुम्हाला दिशा दिली, हो ना?" माझ्या ताटात जिलेबी होती, म्हणून मी गप्प राहिलो. आईचा नियम पाळला. तेही गप्प राहिले आणि आइस्क्रीमच्या रांगेत गेले. नियम प्रत्येक गिऱ्हाइकाला लागू पडत नाही.

तर साहेब, आता मीच आधी बोलतो. ती ओळ तुम्ही लिहिलीच नव्हती, की लिहून खोडली? आणि दुसरे साहेब, तुम्हाला ती मिळाली नव्हती, की मिळाल्यावर तुम्ही काढून टाकली? दोघंही हयात आहात, दोघांचेही फोन लागतात, मी लावून पाहिले आहेत. एकमेकांना विचारा, भांडा, हवं तर माझ्या गाडीत बसून ठरवा. पण दोघांपैकी एकाने मला उत्तर द्यायचं आहे, आणि 'बघतो' हे उत्तर धरलं जाणार नाही.